‘गरीब कुटुंबांना सरकारकडून मोफत टॅब’: महाराष्ट्रात तो खरंच कोणाला मिळतो आणि त्यासाठी काय करावं लागतं

एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या शेतमजुरी करतात, यजमान गवंडीकाम करतात. रेशन कार्ड केशरी, प्रवर्ग ओबीसी. मुलीला यंदा दहावीला ७८ टक्के मिळाले, तिनं अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आहे आणि तिला नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची आहे. धाकटा मुलगा आठवीत आहे. घरात स्मार्टफोन एकच आणि तो दिवसभर यजमानांबरोबर कामावर असतो. ‘सर्व गरीब कुटुंबांना सरकारी मोफत टॅब’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज गावात फिरतोय आणि एक जण फॉर्म भरून देण्याचे ५०० रुपये मागतोय. हे खरं आहे का, आणि नसेल तर मुलीसाठी टॅब कुठून मिळेल, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आधी ५०० रुपयांबद्दल सांगतो. देऊ नका. केवळ कुटुंब गरीब आहे, रेशन कार्ड केशरी किंवा पिवळं आहे म्हणून घरटी टॅब देणारी कुठलीही योजना महाराष्ट्र सरकारची नाही, केंद्राचीही नाही. पण तुमच्या मुलीला सरकारकडून मोफत टॅब मिळू शकतो, हेही तितकंच खरं आहे. तो मिळतो तो विद्यार्थिनी म्हणून, तिच्या प्रवर्गावर, तिच्या गुणांवर आणि तुमच्या फायलीत कोणते दाखले आहेत त्यावर. मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो आणि दरवर्षी दहावीच्या निकालानंतर हीच धावपळ समोर बघतो. गुण असलेली, गरज असलेली मुलं टॅबपासून लांब राहतात ती बहुतेक वेळा एका कागदामुळे. म्हणून या उत्तरात सगळ्यात जास्त जागा कागदांना देणार आहे.

हे मेसेज येतात कुठून, ते समजून घेतलं तर पुढच्या वेळी तुम्हीच गावात चार जणांना सांगू शकाल. त्यातली निम्मी गोष्ट खरी असते, फक्त ती दुसऱ्या राज्याची असते. उत्तर प्रदेश सरकारनं २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनौत विद्यार्थ्यांना टॅब आणि स्मार्टफोन वाटायला सुरुवात केली. ती योजना त्या राज्यातल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथंही विद्यार्थ्यानं स्वतः फॉर्म भरायचा नसतो, कॉलेजच नावं पाठवतं. हरियाणानं मे २०२२ मध्ये सरकारी शाळांतल्या दहावी ते बारावीच्या मुलांना टॅब दिले, तेही शिक्षण संपल्यावर परत करायच्या बोलीवर. गुजरातमध्ये २०१७ पासून बारावीनंतर कॉलेजात जाणाऱ्यांना १,००० रुपयांत टॅब देण्याची योजना आली. हिंदीत या योजनांचे शेकडो व्हिडिओ आहेत, आणि आपल्याकडे ते पोचेपर्यंत राज्याचं नाव गळून पडलेलं असतं. इंग्रजीत शोधलं तर अमेरिकेतली माहिती समोर येते. तिथं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात मदत आणि टॅब किंवा लॅपटॉपवर १०० डॉलरपर्यंत एकदा सूट देणारी योजना खरोखर होती, पण निधी संपल्यानं १ जून २०२४ पासून ती बंद आहे. तिचा तुमच्या रेशन कार्डाशी काही संबंध नाही.

आपल्या देशातही सगळ्यांना परवडणारा सरकारी टॅब आणायचा प्रयत्न झाला होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबचं अनावरण केलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, विद्यार्थ्यांसाठी तिची किंमत १,१३० रुपये सांगितली होती. पण पुरवठा, दर्जा आणि दुरुस्ती यांत ती योजना अडकली आणि घरोघरी काही पोचली नाही. तेव्हापासून सरकारं टॅब देतात ते ठरावीक गटाला, ठरावीक अभ्यासासाठी. मुंबई महापालिकेनं २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना धडे भरलेले टॅब दिले, तेही त्याच शाळांतल्या मुलांना. ‘मी पात्र गटात आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. ‘मी गरीब आहे का?’ हा त्याच्या नंतरचा.

आता फसवणुकीचं. ५०० रुपये गेले तर ते एका दिवसाच्या मजुरीचं नुकसान, पण खरी भीती वेगळीच आहे. तो माणूस आधार, बँक पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल. किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवेल आणि ‘हे अ‍ॅप टाका, यात फॉर्म आहे’ असं सांगेल. अशा अ‍ॅपमधून फोनवरचे मेसेज वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. कुठल्याही सरकारी योजनेचा अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलमध्ये नसतो. अंगठा लावायला सांगितलं तर तो कशासाठी, हे विचारल्याशिवाय लावू नका, कारण आधारच्या अंगठ्यावर खात्यातून पैसेही निघतात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

एक बारकावा लक्षात ठेवा. सरकारी संकेतस्थळाच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, नसेल तर ते खोटं, असं आपण लोकांना शिकवतो. ते बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. पण ज्या संस्थेकडून तुमच्या मुलीला टॅब मिळू शकतो, त्या महाज्योतीचं अधिकृत संकेतस्थळ ‘ऑर्ग डॉट इन’ वर आहे. त्यामुळे नुसत्या शेपटीवरून निर्णय करू नका. कोणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका, संस्थेचं नाव स्वतः टाकून किंवा विभागाच्या संकेतस्थळावरून तिथं पोचा आणि सूचना फलकावरची जाहिरात उघडून वाचा. ज्या मेसेजसोबत जाहिरात नाही, तिच्यावर वर्ष नाही, संस्थेचं नाव नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका.

महाज्योती म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, नागपूर. २०१९ साली स्थापन झालेली ही राज्य सरकारची कंपनी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या अखत्यारीत येते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी ती काम करते. दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेल्या मुलांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षांचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत द्यायचं, आणि त्यासाठी टॅब व रोज ६ जीबी इंटरनेट डेटाही मोफत द्यायचा, अशी तिची योजना आहे. म्हणजे टॅब हे तिथं साधन आहे, खरा लाभ प्रशिक्षणाचा आहे. हे अशासाठी सांगतो की काही पालक टॅबकडे बघून अर्ज करतात आणि मूल वर्गालाच बसत नाही. तुमच्या मुलीला नीट द्यायचीच आहे, त्यामुळे तिच्यासाठी ही योजना अगदी नेमकी आहे.

अलीकडच्या जाहिरातींतल्या अटी अशा आहेत. विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी हवा, वर सांगितलेल्या प्रवर्गांपैकी हवा, नॉन-क्रिमिलेयर म्हणजे उन्नत गटात न मोडणाऱ्या कुटुंबातला हवा, त्याच वर्षी दहावी उत्तीर्ण होऊन अकरावी सायन्सला प्रवेश घेतलेला हवा. दहावीचे गुण ग्रामीण भागातल्या मुलांना किमान ६० टक्के, शहरी भागातल्या मुलांना किमान ७० टक्के. ग्रामीण की शहरी, हे आधार कार्डावरच्या पत्त्यावरून ठरतं. इथं जरा थांबा. पुष्कळ घरांत मुलीला कॉलेजसाठी शहरात मामाकडे ठेवतात आणि सोयीचं म्हणून आधारवरचा पत्ताही मामाचा करून टाकतात. ६५ टक्के मिळालेली गावातली मुलगी त्या एका बदलामुळे अपात्र ठरू शकते. तुमच्या मुलीचे ७८ टक्के दोन्हीकडे चालतील, पण मैत्रिणींना सांगायला हरकत नाही की अर्ज होईपर्यंत आधारचा पत्ता बदलू नये.

आणि ६० टक्के ही अर्ज करायची रेषा आहे, निवडीची हमी नव्हे. जागा मोजक्या असतात. त्या प्रवर्गांत वाटलेल्या असतात: इतर मागासवर्ग ५९ टक्के, विमुक्त जाती-अ १० टक्के, भटक्या जमाती-ब ८ टक्के, भटक्या जमाती-क ११ टक्के, भटक्या जमाती-ड ६ टक्के आणि विशेष मागास प्रवर्ग ६ टक्के. प्रत्येक प्रवर्गात दहावीच्या गुणांनुसार यादी लागते. त्यात मुलींसाठी ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच, आरक्षण आहे, दिव्यांग आणि अनाथ मुलांसाठीही वेगळी तरतूद आहे. ७८ टक्क्यांवर तुमच्या मुलीचा अर्ज नक्की करण्यासारखा आहे. मात्र टॅब मिळाल्यातच जमा आहे असं धरून घरातलं बाकी नियोजन थांबवू नका. पुढं मी दुसरी वाटही सांगणार आहे, ती बरोबरीनंच चालू ठेवा.

अर्ज ऑनलाइन आहे आणि त्याला शुल्क नाही. सेवा केंद्रातून भरून घेतलात तर स्कॅन-प्रिंटचे जे काही होतील तेवढे द्या. मुलगी स्वतः मोबाइलवरून भरू शकते, आणि मी तर म्हणेन तिलाच भरू द्या, कोणी शिक्षक शेजारी बसले तर उत्तम. फॉर्मवरचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल घरचाच द्या. एजंटाचा क्रमांक दिला की निवड झाल्याचा निरोप एजंटाला जातो आणि मग तो त्याचेही पैसे मागतो. निवड यादी आणि मुदतवाढ दोन्ही संकेतस्थळावरच लागतात, त्यामुळे अर्ज केल्यावर आठवड्यातून एकदा सूचना फलक बघायची सवय लावा. टॅब देताना हमीपत्र लिहून घेतलं तर ते वाचूनच सही करा. प्रशिक्षण मध्येच सोडलं तर काय, टॅब हरवला तर काय, हे तिथं लिहिलेलं असतं.

आता कागद. जाहिरातीत साधारण ही यादी असते: आधार कार्ड दोन्ही बाजूंनी, दहावीची गुणपत्रिका, अकरावी सायन्सच्या प्रवेशाची पावती किंवा बोनाफाईड, अधिवास दाखला म्हणजे डोमिसाईल, जातीचा दाखला आणि वैध नॉन-क्रिमिलेयर. पहिले तीन हातात असतात. घोळ होतो तो शेवटच्या तिनांत.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नॉन-क्रिमिलेयरवर. मजुरी करणाऱ्या घराला वाटतं, ‘आम्ही कसले क्रिमीलेयर, आमच्याकडे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे की!’ बरोबर आहे, पण उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीला आणि फी सवलतीला चालतो. ओबीसी, विमुक्त, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांचा लाभ घ्यायचा तर, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यामुळे हे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही, असं सांगणारं वेगळं प्रमाणपत्र लागतं, मग घरचं उत्पन्न ६० हजार का असेना. ते काढताना मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. म्हणून तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला मागताना पहिल्यांदाच तीन वर्षांचा मागा. एका वर्षाचा काढलात तर पुन्हा तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जावं लागेल, पुन्हा अहवाल, पुन्हा रजा, पुन्हा बुडालेली मजुरी. शिवाय नॉन-क्रिमिलेयरवर वैधतेची तारीख असते. मोठ्या चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी कसं मिळालं होतं ते विचारण्यापेक्षा आपल्या प्रमाणपत्रावरची तारीख बघा. अर्जाच्या दिवशी ते वैध असलं पाहिजे.

जातीच्या दाखल्याला वेळ लागतो कारण जुना पुरावा शोधावा लागतो. ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातला. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करून शोधा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना नंबर १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल मिळते. तिथं जातीचा उल्लेख असतो. आजोबांचं नाव माहीत असून चालत नाही, जन्माचं साल अंदाजे तरी सांगता आलं पाहिजे, नाहीतर कारकुनानं किती वर्षांची पानं चाळायची? हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा. यजमानांचा, दिरांचा किंवा चुलत सासऱ्यांचा जातीचा दाखला आधीच निघालेला असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. रक्ताच्या नात्यातला पुरावा म्हणून तो जोडता येतो आणि सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

अधिवास दाखला त्या मानानं सोपा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशन कार्ड, राहण्याचा पुरावा एवढ्यावर निघतो. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून या दाखल्यांना मुदत बांधलेली आहे. उत्पन्न आणि अधिवास दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला त्याहून जास्त. मुदत उलटली तर ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अपील करता येतं, ते करायला घाबरू नका. शुल्काचा तक्ता प्रत्येक केंद्रात लावलेला असायला हवा. तक्त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा.

नावांची जुळणी ही शेवटची अडचण, पण ती ऐन वेळी उपटते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढं चालतं. पण गुणपत्रिकेवर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’, किंवा जन्मतारखेत दिवसाचा फरक, असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. दहावीची गुणपत्रिका हा मुख्य कागद, बाकी सगळं तिच्याप्रमाणे करायचं.

ही सगळी फाइल एकदा झाली की ती फक्त टॅबपुरती राहत नाही. मुलीला बारावीनंतर मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, काहीही घ्यायचं असेल तर आरक्षित जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागणार आहे. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे करता येतो आणि त्यालाही हेच जुने पुरावे लागतात. बारावीच्या निकालानंतर वैधतेसाठी रडवेल्या चेहऱ्यानं आलेले आईबाप बघवत नाहीत. आत्ता उतारे काढताना प्रत्येकाच्या दोन जादा प्रमाणित प्रती घ्या.

ज्यांचा प्रवर्ग वेगळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल मुलांसाठी अमृत अशा संस्था आहेत. त्यांचे प्रशिक्षण आणि शिष्यवृत्तीचे उपक्रम वेगवेगळे आहेत, म्हणून ‘महाज्योती देते म्हणजे आपलीही संस्था देणारच’ असं धरू नये. त्या वर्षीच्या जाहिरातीत टॅब असा शब्द असेल तरच टॅब आहे. अनुसूचित जातीच्या मुलाला दहावीला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज जरूर करावा. महिना ३०० रुपये, दहा महिने, अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षं. रक्कम लहान आहे, पण हक्काची आहे. आणि घरात दृष्टिहीन मूल असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्मार्टफोन मिळू शकतो. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं. कुटुंबाचं मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांच्या आत असेल तर साधन पूर्ण मोफत.

आता ताई, दुसरी वाट. तुमच्या प्रश्नात तुम्ही सहज लिहून गेलात की यजमान गवंडीकाम करतात. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. त्यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का? गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशीवाले, प्लंबर, सळई बांधणारे, त्यांच्या हाताखालचे बिगारी हे सगळे त्यात येतात. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, या मुख्य अटी. दाखला ठेकेदार देतो, किंवा ग्रामपंचायतीकडून ग्रामसेवकांच्या सहीनं मिळतो. नोंदणी दरवर्षी नव्यानं जिवंत ठेवावी लागते. पुष्कळ जणांनी मागं मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचासाठी नोंदणी केली आणि नंतर नूतनीकरणच केलं नाही. लाभाच्या दिवशी नोंदणी चालू नसेल तर अर्ज मागं येतो.

नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना मंडळ शिष्यवृत्ती देतं. पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी वर्षाला ५,००० रुपये, या दोन्हींसाठी शाळेतली हजेरी ७५ टक्के हवी. दहावी किंवा बारावीला ५० टक्क्यांच्या वर गुण मिळाले तर १०,००० रुपये. अकरावी आणि बारावीला शिकत असताना वर्षाला १०,००० रुपये. पुढं पदवीला वर्षाला २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,००० आणि मेडिकलला १ लाख. एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची फीही परत मिळते. तुमच्या घरचा हिशोब मांडा: मुलीचे दहावीच्या गुणांचे १०,०००, अकरावीचे १०,०००, आठवीतल्या मुलाचे ५,०००. एका वर्षात २५,००० रुपये होतात. टॅब घेऊन, वर्षाचा रिचार्ज करून, मुलाचे बूट-दप्तर होऊनही पैसे उरतील. आणि हे पैसे गुणवत्ता यादीवर अवलंबून नाहीत. नोंदणी चालू आणि कागद पूर्ण असतील तर ते मिळायचेच. बँक खातं कामगाराच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, एवढं पाहा. यजमानांची नोंदणी अजून झाली नसेल तर ती याच आठवड्यात सुरू करा. तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात किंवा मंडळाच्या संकेतस्थळावर होते, आणि तिथंही एजंट उभे असतात, त्यांच्याकडे न जाता थेट आत जा.

पैसे हातात आले आणि टॅब विकत घ्यायची वेळ आली तर दुकानदार सगळ्यात स्वस्त पुढं करेल, तो घेऊ नका. अभ्यासासाठी पडदा निदान ८ इंच हवा, १० असेल तर डोळ्यांना बरा. रॅम ४ जीबीपेक्षा कमी असेल तर वर्षभरात वर्ग मध्येच अडकायला लागतो. गावात वायफाय नसेल तर सिम घालायची सोय असलेलाच घ्या. वायफायवाला टॅब हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो आणि मग यजमानांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर अवलंबून राहतो, म्हणजे ते कामावर गेले की बंद. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे का, हे विचारा. जुना घेणार असाल तर दुकानात उभं राहून तीन गोष्टी तपासा. आधीच्या मालकाचं गूगल खातं काढून टाकलंय का, चार्जिंगची पिन हलते का, आणि तो चोरीचा तर नाही ना. शेवटच्यासाठी सिमवाल्या टॅबच्या सेटिंगमध्ये किंवा खोक्यावर पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, असतो. रोमन लिपीत ‘केवायएम’ ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवा, उत्तरात त्या यंत्राची माहिती येते. कंपनी आणि मॉडेल जुळलं नाही तर तो टॅब तिथंच ठेवून बाहेर पडा. मोबाइलवरून पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून टॅबसाठी पैसे उचलू नका. त्यांच्या वसुलीनं घरं हैराण झालेली मी बघितली आहेत.

टॅब येईपर्यंत मुलीचा अभ्यास थांबता कामा नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं ‘साथी’ नावाचं पोर्टल आहे, त्यावर नीट आणि जेईईचे व्हिडिओ आणि सराव चाचण्या पूर्ण मोफत आहेत. साध्या स्मार्टफोनवरही चालतं. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतात. यजमान कामावरून आल्यावर फोन रात्री दोन तास मुलीकडे, त्या वेळात सीरियल नाही, क्रिकेट नाही, असं घरात ठरवून टाका. कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा संगणक कक्षात दुपारी बसू देतात का, हे प्राचार्यांना मुलीसोबत जाऊन विचारा. विचारायला आलेल्या आईला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

राहिला मुलगा. त्याच्यासाठी आत्ता टॅबची योजना नाही, पण दहावी झाल्यावर, म्हणजे तीन वर्षांनी, त्याची वेळ येणार आहे. मुलीच्या जातीच्या आणि अधिवासाच्या दाखल्याचा अर्ज करताना त्याचाही त्याच दिवशी करा. आजोबांचा उतारा तोच, वंशावळ तीच, फक्त त्याचा शाळेचा बोनाफाईड वेगळा लागेल. नॉन-क्रिमिलेयर मात्र त्याचं आत्ता काढू नका, ते त्याच्या दहावीच्या वेळी काढा, आणि अर्जाच्या दिवशी त्याची मुदत चालू असेल हे त्यावरच्या तारखेवरून बघा.